आजोबांची जीप सगळी एकदम खोलू नकोस

इंदूरच्या सुदामानगरातल्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "काका, आजोबांची १९८९ची महिंद्रा एमएम ५४० मानपूरजवळच्या शेतावर ९ वर्षं उभी होती. आजोबा गेले, आता ती टो करून घरी आणली आहे. पोर्चमध्ये जागा आहे, सुटीचे दिवस माझे आहेत, पण हातात कधी पाना धरलेला नाही. बॉडी उतरवून चेसिसपासून सुरुवात करावी म्हणतो. एकाने सांगितलं की व्हिंटेजमध्ये नोंदणी करून घे. इंजिन सरळ ओव्हरहॉलला टाकू का? आधी काय करू?"

आधी काय करायचं नाही, ते सांगतो. बॉडी उतरवू नकोस. गेल्या २६ वर्षांत ११ जीपवर काम केलं, त्यातल्या सहा मी दुसऱ्या कुणाकडून अर्धवट सोडलेल्या अवस्थेत घेतल्या. सहाही जणांनी एकच गोष्ट केली होती: पहिल्या महिन्याच्या उत्साहात गाडी शेवटच्या बोल्टपर्यंत खोलली. मग चेसिस अंगणात, इंजिन जिन्याखाली, दरवाजे गच्चीवर. पहिला पाऊस आला, घरात एखादं लग्न निघालं, पैसे तिकडे गेले, आणि कुठला बोल्ट कुठला हे आठवेनासं झालं. खोलायला आठ दिवस लागतात, जोडायला दोन वर्षं. म्हणून पहिल्यांदा काम करणाऱ्याला मी एकच नियम सांगतो: गाडी कायम आपल्या चाकांवर असली पाहिजे. एका वेळी एकच भाग उघडायचा, नीट करायचा, परत बसवायचा, मगच पुढचा. दर महिन्याच्या शेवटी गाडी ढकलून पोर्चबाहेर नेता आली पाहिजे. रंग सगळ्यांत शेवटी.

कागद आधी बघ, कारण त्यातच दोन महिने जातात. आरसीवरचा चेसिस नंबर आणि चेसिसवर ठोकलेला नंबर जुळतो का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. वायर ब्रशने हलकं घास, वर कागद ठेवून पेन्सिल फिरव, आकडे उमटतात. तिथे ग्राइंडर चुकूनही लावू नकोस. इंजिन नंबरही बघ. शेतावरच्या जीपमध्ये कधीतरी दुसरं इंजिन बसवलेलं असतं आणि आरसीवर त्याची नोंद नसते. मालक वारल्यावर वारसाच्या नावे गाडी करायला फॉर्म ३१ लागतो. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ९ वर्षं उभ्या गाडीचं ते नक्कीच हुकलं असणार, तेव्हा उशिराचा दंड हिशोबात धर. एवढी जुनी नोंद संगणकावर चढलेलीच नसेल तर आरटीओत आधी बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. व्हिंटेजचं डोक्यातून काढून टाक. २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीलाच ती नोंदणी मिळते. तुझी २०३९मध्ये पात्र होईल, आणि तशी गाडी रोज रस्त्यावर चालवताही येत नाही. तुला साधं नूतनीकरण हवं. त्यासाठी तपासणीला गाडी स्वतः चालत जावी लागते. तिथे ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, टायर बघतात, चमक कुणी बघत नाही. आपला क्रम त्यामुळे आपोआप ठरतो.

आता हत्यारं. इथे नवखा माणूस पहिल्याच दिवशी फसतो. महिंद्राने १९४७पासून विलिज जीप इथे जोडायला सुरुवात केली. तो अमेरिकन सांगाडा, त्याचे इंची बोल्ट, तुझ्या ५४०च्या चेसिसपर्यंत चालत आलेले आहेत. इंजिन मात्र पूजोचं एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी, फ्रेंच, म्हणजे मिलिमीटरचं. एकाच गाडीत दोन मापं. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३चा पाना बसतो, पण सैल. गंजलेल्या बोल्टवर जोर दिलास की कोपरे गोल झालेच. ९/१६ म्हणजे साधारण १४.३, त्यावर १४ चढत नाही आणि १५ घसरतो. म्हणून सियागंजात जाशील तेव्हा दोन्ही मापांचे रिंग पाने घे, आणि इंची सॉकेटचा संच वेगळ्या पेटीत ठेव. पान्याचा पैसा वाचवू नकोस. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल सोड, सकाळी आधी किंचित घट्ट करायचा प्रयत्न कर, मग सोडव. 'टक्' असा आवाज आला की समज तो मोकळा झाला.

प्रत्येक भाग काढण्याआधी तीन बाजूंनी फोटो. बोल्ट ज्या भागाचे, त्या भागाच्या डब्यात. आमच्याकडे श्रीखंडाचे रिकामे डबे आहेत, झाकणावर चिकटपट्टी आणि त्यावर पेनने 'पुढचं डावं चाक, आतली बाजू' इतकं लिहिलेलं. 'डावं' म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर बसून डावं, हे एकदा ठरव आणि बदलू नकोस.

गाडी उचलण्याबद्दल नीट ऐक. २००३च्या सुमारास मी एका जीपचा मागचा एक्सल विटांवर ठेवला होता. चांगल्या, भाजलेल्या, नव्या विटा. मी खालून हात काढला आणि पाणी प्यायला उठलो तेवढ्यात एक वीट फुटली. आवाज फार मोठा झाला नाही, गाडी फक्त एक वीत खाली आली. त्या एक वितीत माझा हात होता, काही सेकंदांपूर्वी. वीट आधी तडकून सूचना देत नाही, थेट चुरा होते. तेव्हापासून विटा, सिमेंटचे ब्लॉक, नुसता जॅक, यांवर उचललेल्या गाडीखाली मी जात नाही आणि कुणाला जाऊ देत नाही. लोखंडी घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, चार घे. खाली सपाट फरशी हवी. चाक काढलंस की ते चाकच चेसिसखाली आडवं सरकव. बाकीच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लाव. घरात तू एकटा असताना गाडीखाली जाऊ नकोस, ओट्यावर आईला आवाज ऐकू येईल अशा वेळीच काम कर.

आता इंजिन. किल्ली फिरवायची घाई करू नकोस, स्टार्टर लावायचाच नाही. ९ वर्षांत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसलेल्या असू शकतात, आणि स्टार्टरची ताकद त्या तोडायला पुरेशी असते. आधी डिपस्टिक बघ. ऑइल दुधासारखं पांढुरकं असेल तर पाणी उतरलेलं आहे. मग चारही नोजल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोंडं, काढ. थंड इंजिन तापवणारे हीटर प्लग काढायला गेलास आणि अडले तर सोडून दे, तुटला तर हेड उतरवावं लागेल. नोजलच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-दोन मोठे चमचे डिझेल आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइलचं अर्धं-अर्धं मिश्रण सोड आणि तीन दिवस विसरून जा. चौथ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये, क्रँकच्या पुलीच्या नटावर लांब दांड्याचा सॉकेट, आणि हाताने हळू, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. एक इंच हलली तरी पुरे. परत थोडं मागे, परत पुढे. जोराने अडलं तर आणखी दोन दिवस. मी एका इंजिनला १९ दिवस दिले आहेत, आणि ते आजही महूच्या घाटात चढतं.

इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरलं की ऑइल आणि फिल्टर बदल, आणि नोजल उघडी ठेवूनच स्टार्टरने फिरव. वर उरलेलं द्रव बाहेर उडेल, तोंड दूर ठेव. नोजल बसवून फिरवलंस आणि आत द्रव राहिलं असेल तर द्रव दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइल प्रेशरची सुई उठेपर्यंत थांबत-थांबत फिरवत राहा. त्याच वेळी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजून घे. मला एका आकड्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का यात जास्त रस असतो. तीन सारखे आणि एक फार खाली असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंग. चारही सारखे खाली असतील तर कधीकधी नुसतं चालवल्यावर सुधारतात, कारण रिंगा मोकळ्या होतात. त्यामुळे ओव्हरहॉलचा निर्णय आज घेऊ नकोस. २०० किलोमीटर चालल्यावर धूर, ऑइलचा खप आणि गरम इंजिनवरचं प्रेशर बघून घे. न बघता बोरिंगला टाकलेली इंजिनं मी पाहिली आहेत, ज्यांना फक्त नोजल आणि त्यांना डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं कॅलिब्रेशन हवं होतं.

डिझेलची टाकी उतरव. तळाशी काळा चिकट गाळ आणि गंज असेलच. आतून धुऊन घे, पण तिला वेल्डिंग करायचं झालं तर घरी नाही आणि रिकामी आहे म्हणूनही नाही. आतली वाफ पेटते. भोकं पडली असतील तर नवी टाकी. नळ्या आणि फिल्टर नवे. हा पंप आणि नोजल ते दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे बाकावर चढवून तपासून घे, हे घरचं काम नव्हे. परत बसवल्यावर हवा काढायची: फिल्टरवरचा बोल्ट सैल करून हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग नोजलकडे जाणारे नट अर्धा आटा सैल ठेवून स्टार्टर दे. डिझेल टपकलं की एकेक घट्ट.

आणि पहिल्यांदा सुरू करताना हाताशी एक जाड, सपाट पाटी ठेव, इनटेकचं तोंड पूर्ण झाकेल इतकी. बरीच वर्षं पडून राहिलेला पंप अडकला तर डिझेल इंजिन स्वतःहून वेग घेत सुटतं, किल्ली बंद केली तरी थांबत नाही. हवा बंद केली तरच थांबतं. पाटी लावायची, हाताचा पंजा कधीही नाही. एका माणसाने फक्त एवढ्याच कामावर उभं राहायचं.

क्लच चिकटलेला निघाला तर घाबरू नकोस. एवढी वर्षं उभ्या गाडीत प्लेट फ्लायव्हीलला धरते, पेडल दाबलं तरी गिअर पडत नाही. पेडल दाबून सीटला लाकडाची टेकण दे आणि दोन दिवस तसंच ठेव. बऱ्याचदा सुटते. सुटली नाही तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि त्या दिवशी दोन दणकट माणसं बोलव.

ब्रेकवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवतो, तूही घाल. चारही ड्रम काढ. निघत नसतील तर ॲडजस्टर मागे घे, ड्रमच्या कडेवर हातोडीने फिरत-फिरत ठोक. आतली धूळ फुंकू नकोस, कॉम्प्रेसरने उडवू नकोस. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओलं कापड, तोंडाला मास्क. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून व्हील सिलिंडर आतून खड्डे पडलेले निघतील. नख फिरवून खड्डा लागला तर घासून चालवण्याच्या भानगडीत पडू नकोस, नवे बसव. रबरी होज चारही नवे, बाहेरून चांगले दिसले तरी, कारण ते आतून फुगतात आणि ब्रेक सोडल्यावर चाक धरून ठेवतात. लोखंडी नळ्या जिथे क्लिपमध्ये बसतात तिथे क्लिप काढून बघ, गंज तिथेच लपतो. आणि लायनिंग बदलण्याआधी एक्सलचं ऑइल सील बघ. सील गळत असेल तर नवं लायनिंग आठ दिवसांत तेलकट होऊन कामातून जातं. मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असेल तर एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात, हे कायम लक्षात ठेवून गाडी चालव.

स्टिअरिंग: ४०-५०च्या वेगाला पुढची चाकं थरथरू लागली की लोक धक्के शोषणारा डँपर बसवून मोकळे होतात. थरथर दबते, कारण तसंच राहतं. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलव, किंगपिन, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं ती, तिच्या बेअरिंगमध्ये खेळ असेल तर तिथेच कळेल. तो खेळ शिम, म्हणजे पातळ चकत्या, कमी करून काढता येतो. मग टाय रॉडचे एंड, कमानींचे, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगांचे, बुश आणि शॅकल. टायर कितीही नक्षीदार असले तरी ९ वर्षांचे टायर फेकायचेच. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, स्वतः वाचून बघ. बदलताना ६.००-१६ हेच माप ठेव. रुंद टायर, उंच सस्पेन्शन, छतावर दिव्यांची रांग, यातलं काही करू नकोस. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने मूळ नोंदीपासून बदल करायला बंधन आहे, आणि किंगपिन, स्टिअरिंग बॉक्स यांना तो जास्तीचा भार सोसत नाही.

आता आपल्या माळव्याची गोष्ट. शेतावरची जीप म्हणजे काळी माती. ती चेसिसच्या आतल्या बाजूला, कमानीच्या हँगरमागे, बॉडी माउंटच्या खाली घट्ट बसते आणि पावसाळ्यातला ओलावा दिवाळीपर्यंत धरून ठेवते. वरून चेसिस ठणठणीत दिसतं, आतून पत्रा पापडासारखा झालेला असतो. बाहेरून पाण्याचा फवारा मारून भागत नाही, लाकडी खुंटी आणि जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन तासन्‌तास उकरावं लागतं. मग छोट्या हातोडीने सगळीकडे वाजवत जा. चांगलं लोखंड घंटेसारखं वाजतं, सडलेलं भदभद. स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो त्या भागात आणि कमानींच्या हँगरजवळ केसासारख्या चिरा शोध. चीर सापडली तर टोकाला छोटं भोक पाडून ती थांबवतात आणि खोबण करून वेल्डिंग भरतात. हे चेसिसचं काम जाणणाऱ्या वेल्डरकडूनच करून घे, सांवेर रोडवर तशी माणसं मिळतात. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढायच्या, टाकी बाहेर. फ्लोअर सडला असेल तर सडका भाग पूर्ण कापून नवा पत्रा. वरून पत्रा टाकून झाकायचा नाही, मध्ये पाणी साचतं आणि दोन पावसाळ्यांत दोन्ही जातात. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेली की पुढे तडकणारच.

वायरिंग जुनं सांधत बसू नकोस, संपूर्ण नवा संच टाक. आणि रंगानंतर दिवे मंद झाले तर आधी अर्थ, म्हणजे बॉडी-चेसिसमधून बॅटरीकडे करंट परत जायची वाट, बघ. नव्या रंगाने बॉडी आणि चेसिसचा संपर्क तुटतो, बोल्टखालचा रंग खरवडून अर्थची पट्टी बसवावी लागते. इंजिनची पट्टी विसरलास तर स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल लाल होते.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, आत्ता उघडू नकोस. ऑइल बदल, जुन्या ऑइलमध्ये बोट फिरवून लोखंडाचे कण बघ. एका केसमध्ये ऑइल कमी आणि शेजारच्यात जास्त निघालं तर मधलं सील गेलेलं आहे, नोंद करून ठेव. गाडी चालू झाली की फोर व्हील फक्त मातीत, चिखलात, वाळूत. या गाडीला पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नाही, कोरड्या डांबरावर वळवलीस तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो. सगळं जुनं ऑइल डब्यात साठवून भंगारवाल्याला दे. या शहराच्या नाल्यात ते जाता कामा नये.

वेळापत्रक म्हणशील तर, पाऊस आहे तोवर कागद आणि इंजिन मोकळं करणं. दसऱ्यानंतर ब्रेक आणि स्टिअरिंग. थंडीत वायरिंग आणि पत्रा. त्याच थंडीत सकाळी हीटर प्लगची खरी परीक्षा होईल. रंग फेब्रुवारीत, रंगपंचमीच्या आधी. पावसात हवेतल्या दमटपणाने रंग पांढुरका पडतो आणि एप्रिलनंतर धूळ बसते. जितका खर्च काढशील त्याच्या निम्मा वेगळा बाजूला ठेव, तो लागणारच.

आणखी एक. तू सांगितलंस की बॉनेटच्या आतल्या बाजूला आजोबांनी ऑइल बदलल्याच्या तारखा ऑइल पेंटने लिहून ठेवल्या आहेत, शेवटची १४ जानेवारीची. बॉनेट रंगाला देशील तेव्हा तेवढा भाग कागद लावून झाक आणि पेंटरला स्वतः उभं राहून सांग. त्याच्याखाली तुझी पहिली तारीख तू त्याच रंगाने लिही.

नोजल काढलीस आणि मिश्रण सोडलंस की मला फोन कर. चौथ्या दिवशी मी येतो, कॉम्प्रेशन गेज माझ्याकडे आहे. तोवर बॅटरी जोडू नकोस.